एक दार की चारही? : गाडीच्या सेंट्रल लॉकने शिकवलेला दोष शोधण्याचा पाठ



आजचा विषय वाचून तुम्ही म्हणाल, बाईंनी गॅरेज कधी काढलं? गॅरेज वगैरे काही नाही. मागच्या मे महिन्यात आमच्या गाडीचं एक दार अडलं. त्या दाराने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक आपल्या लेकरांच्या जिवाशी संबंधित आहे आणि दुसरी आपल्या वर्गाशी. दोन्ही तुम्हाला सांगायच्या आहेत, म्हणून हा लेख. गाडी तुमच्याकडे नसली तरी वाचा, कारण मुलं मामाच्या, काकाच्या, शेजाऱ्याच्या गाडीत बसतातच.

प्रसंग

आमची गाडी जुनी, दुसऱ्या हाताने घेतलेली. मागचं डावं दार गेले दोन-तीन महिने नखरे करत होतं. रिमोट दाबला की तीन दारं उघडायची, हे कधी उघडायचं, कधी नाही. आम्ही आतून हात घालून खुंटी वर ओढायचो आणि पुढच्या कामाला लागायचो. 'बघू सुट्टीत' असं म्हणत ते राहूनच गेलं.

एका रविवारी आम्ही आठवडी बाजारात गेलो. आमची चार वर्षांची लेक मागे डाव्या बाजूला झोपली होती. आम्ही दोघं उतरलो आणि यांनी सवयीने रिमोट दाबला. चारही दारं लॉक. लगेच लक्षात आलं, पुन्हा दाबला. तीन दारांचा 'खट्' आवाज आला, तिच्या बाजूचं दार मुकं. मागच्या उजव्या दाराला अगदी टेकून भाजीचा टेम्पो उभा होता, त्यामुळे ते दार उघडायला जागा नव्हती. तेवढ्यात ती जागी झाली आणि रडत रडत आतून हँडल ओढायला लागली. चाइल्ड लॉक असल्यामुळे ते हँडल कितीही ओढलं तरी उपयोग नव्हता. शेवटी मी पुढच्या दारातून आत शिरले, सीटवरून वाकून खुंटी वर ओढली आणि यांनी बाहेरून दार उघडलं.

सगळा प्रकार दोन मिनिटांचा. पण लेकीचं अंग घामाने निथळत होतं आणि माझे हात थरथरत होते. रात्री झोप लागेना. सारखं एकच मनात येत होतं की मी शिक्षिका आहे, लेकीला अक्षरं शिकवली, रंग शिकवले, गाणी शिकवली, पण डोक्याजवळची ती खुंटी वर कशी ओढायची हे तिला कधी शिकवलंच नाही.

गॅरेजमधला सल्ला आणि काकांचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली. तिथल्या माणसाने दार उघडून न बघताच सांगितलं, "मॅडम, चारही दारांच्या मोटरी बदला, वायरिंगही नवं टाकू. साडेपाच हजार होतील."

घरी आल्यावर शेजारच्या काकांना सांगितलं. काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अगं, एक दार की चारही?"

"एकच."

"मग बाकीच्या तिघांनी काय गुन्हा केलाय?"

या एका प्रश्नातच सगळा पाठ आहे. तो समजण्यासाठी आधी रचना बघू.

सेंट्रल लॉक चालतं कसं?

गाडीच्या बॅटरीतून, म्हणजे १२ व्होल्टच्या, वीज निघते. वाटेत तिला फ्यूज लागतो. तिथून ती लॉकच्या कंट्रोल युनिटकडे जाते. आपण रिमोट, चावी किंवा ड्रायव्हरच्या दाराचं बटण वापरून या युनिटला हुकूम देतो. युनिट प्रत्येक दारातल्या छोट्या मोटरला क्षणभर वीज पाठवतं. मोटर फिरते, तिचे दाते एक सळई ओढतात किंवा ढकलतात आणि लॉक उघडतं किंवा लागतं.

इथे एक गंमत आहे. लॉक लावायला एक आणि उघडायला दुसरी अशा दोन मोटरी नसतात. एकाच मोटरला दोन वायरी असतात. वीज एका दिशेने गेली की लॉक लागतं, उलट दिशेने गेली की उघडतं. खेळण्यातल्या मोटरीचे सेल उलटे घातले की पंखा उलटा फिरतो ना, अगदी तसंच.

आणि युनिटकडून दाराकडे येणाऱ्या वायरी कुठून येतात? दार उघडून बिजागऱ्यांच्या बाजूला बघा. गाडीचा सांगाडा आणि दार यांच्यामध्ये घड्या असलेली एक रबरी नळी दिसेल. सगळ्या वायरी तिच्यातून दारात शिरतात. दार जितक्या वेळा उघडतं, तितक्या वेळा त्या वायरी वाकतात. वर्षानुवर्षं वाकून त्या तिथेच तुटतात. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही.

लक्षणावरून दोष ओळखू या

डॉक्टर जसे आधी प्रश्न विचारतात तसंच इथेही करायचं. हत्यार हातात घेण्याआधी नुसतं बघायचं आणि ऐकायचं.

१. *दार बाहेरून उघडतं, आतून मात्र नाही.* आधी चाइल्ड लॉक बघा. मागच्या दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसेल अशी छोटी खिट्टी असते. ती चालू असेल तर हा दोष नव्हेच, ती सोय आहे.

२. *रिमोटने काहीच होत नाही, पण ड्रायव्हरच्या दाराच्या बटणाने सगळी दारं चालतात.* म्हणजे मोटरी, फ्यूज, वायरी सगळं ठीक आहे. रिमोटचा सेल संपला असण्याची शक्यता जास्त. बऱ्याच रिमोटमध्ये ३ व्होल्टचा चपटा सेल असतो. जुन्या सेलवरचा नंबर बघून तोच आणा. (लहान मुलांच्या हाती असे सेल लागू देऊ नका. गिळले तर अत्यंत घातक असतात.)

३. *कशानेच एकही दार चालत नाही.* चारही मोटरी एकाच दिवशी बिघडणं अवघड. जे चौघांना सामाईक आहे तिथे बघा. हॉर्न आणि दिवे मंद वाटत असतील तर बॅटरी. ते ठणठणीत असतील तर फ्यूज. फ्यूजच्या डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत कोणता फ्यूज कशाचा ते दिलेलं असतं. फ्यूज काढून उजेडात धरा, आतली पट्टी तुटलेली दिसेल. बदलताना तेवढ्याच अँपिअरचा टाका. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा वायरचा तुकडा लावून काम भागवू नका, त्याने वायरिंग पेटू शकतं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, मग ते काम जाणकाराचंच. फ्यूजही चांगला निघाला तर कंट्रोल युनिटकडे बघावं लागतं, तेही जाणकारानेच.

४. *लॉक लागतं आणि लगेच आपोआप उघडतं.* एखादं दार नीट लागलेलं नाही असं गाडीला वाटतंय. आतला दिवा बंद होतोय का बघा. होत नसेल तर दार उघडं असल्याचं सांगणारा स्विच तपासायला हवा. काही गाड्यांत ड्रायव्हरच्या दारातल्या लॉकचा स्विच खराब झाला तरी असंच होतं.

५. *एकच दार चालत नाही.* मग दोष त्या दारात किंवा त्या दाराकडे जाणाऱ्या वाटेवरच. आता कान लावा. दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. मोटरचा आवाज येतो पण खुंटी हलत नाही? मग मोटरचे दाते झिजलेत किंवा सळई निसटली आहे. आवाज येतो, खुंटी अर्धीच हलते आणि हातानेही जड लागते? मग लॉक गंजलंय किंवा कोरडं पडलंय. पावसाळ्यानंतर हे खूप होतं आणि बऱ्याचदा साफसफाई व ग्रीस यावर भागतं. आवाजच येत नाही? मग वीज पोचत नाही किंवा मोटर गेली.

६. *कधी चालतं, कधी नाही.* संशय आधी त्या रबरी नळीवर घ्या. दार उघडं ठेवून एकाने बटण दाबत राहायचं आणि दुसऱ्याने नळी हलकेच वाकवायची. एखाद्या स्थितीत 'खट्' झालं की चोर सापडला. आणखी एक खूण म्हणजे त्याच दाराची काच किंवा स्पीकरही रुसलेला असतो, कारण त्यांच्या वायरीही त्याच नळीतून जातात.

हे शेवटचं काकांनी सांगितलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या त्याच दारातला स्पीकर गेले तीन महिने खरखरत होता! आम्ही तो गाण्यांचा दोष समजून आवाज कमी करत होतो.

आमचा दोष कसा सापडला?

काकांनी दाराचं आतलं पॅड काढलं, मोटरचा प्लग सोडवला आणि प्लगमधल्या दोन टोकांना छोटा टेस्ट लॅम्प लावला. यांनी बटण दाबलं. मोटरला वीज येत असती तर दिवा क्षणभर चमकला असता. चमकला नाही. म्हणजे वीज पोचत नव्हती, आणि मोटर बदलून काही मिळणार नव्हतं. मग नळी वाकवली, पुन्हा बटण दाबलं आणि दिवा चमकला. बॅटरीची वायर काढून ठेवली, नळी सरकवली. आत दोन वायरी तुटलेल्या. एक मोटरची, एक स्पीकरची. वाकायला थोडी जास्त लांबी ठेवून त्या जोडल्या, सोल्डर केल्या, वरून इन्सुलेशनची नळी चढवली. खर्च शंभर रुपयांच्या आत.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. नव्या गाड्यांच्या दारांत एअरबॅगशी जोडलेले सेन्सर असतात, नाजूक इलेक्ट्रॉनिक्स असतं. अशा गाडीत उगाच वायरी टोचू नका. गाडी वॉरंटीत असेल तर हातही लावू नका. पण वरची सहा लक्षणं बघायला कुठलंही हत्यार लागत नाही. ती बघून गॅरेजला गेलात तर 'गाडी खराब आहे' असं न सांगता 'मागचं डावं दार, आवाज येत नाही, नळी हलवली की चालतं' असं सांगाल. मेकॅनिकचा वेळ वाचतो आणि आपले पैसेही.

वर्गातली कृती : लपलेला दोष शोधा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर हा पाठ मी पाचवीत घेतला. साहित्य साधंच : सेल, होल्डर, टॉर्चचे छोटे बल्ब, वायर, साधे स्विच. पाच ताटल्यांत पाच सारखेच परिपथ मांडले आणि प्रत्येकात एक दोष लपवला. एकात संपलेला सेल, एकात गेलेला बल्ब, एकात प्लास्टिकच्या आत तुटलेली वायर, एकात स्विचच्या पट्टीखाली पारदर्शक चिकटपट्टी, एकात सैल होल्डर. सहाव्या ताटलीत सगळे चांगले, तपासलेले भाग ठेवले.

नियम तीनच :

– हात लावण्याआधी वहीत लिहायचं : 'मला वाटतं दोष ..... मध्ये आहे, कारण .....'
– एका वेळी एकच भाग बदलायचा.
– बदलूनही बल्ब लागला नाही तर तो जुना भाग परत जागेवर ठेवायचा आणि मग पुढचा.

एका गटाने घाईघाईत सगळेच भाग बदलले. बल्ब लागला. पोरं नाचायला लागली. मी विचारलं, "शाब्बास! पण दोष कशात होता?" सगळे गप्प. एक जण म्हणाला, "बाई, लागला ना, मग झालं की!" तेवढ्यात दुसऱ्या गटातली एक मुलगी म्हणाली, "नाही रे, तुझ्याकडे आता चार चांगले भाग आहेत आणि तू चारही टाकून देणार." साडेपाच हजारांचा हिशोब त्या मुलीने एका वाक्यात सांगितला!

पुढची पायरी म्हणून खेळण्यातली मोटर घ्या. तिच्या दांड्याला कागदाची पट्टी चिकटवा आणि सेलची दिशा बदलून फिरण्याची दिशा बदलते हे दाखवा. मग बल्बच्या जागी एलईडी लावून बघू द्या. बल्ब दोन्ही दिशांनी लागतो, एलईडी एकाच दिशेने. 'असं का?' हा प्रश्न मुलांकडूनच येतो. उत्तर देण्याची घाई करू नका. (घरातल्या विजेच्या सॉकेटला हात लावायचा नाही, प्रयोग फक्त सेलवरच करायचे, हे सुरुवातीलाच बजावून सांगा.)

पालकांसाठी : हे आजच करा

दोष दुरुस्त होईल तेव्हा होईल, पण खालच्या गोष्टींना पंधरा मिनिटं पुरतात. जून २०२३ मध्ये नागपुरात खेळता खेळता गाडीत शिरलेली तीन लहान मुलं बंद गाडीत मृतावस्थेत सापडली. आठवलं तरी पोटात गोळा येतो. बाहेर ३५ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पारा ५० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. आणि लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं.

– गाडी सावलीत उभी करून, तुम्ही शेजारी बसून, मुलाला खुंटी वर ओढायला शिकवा. त्याच्या हाताला ती जड जाते का, हेही कळेल.
– चाइल्ड लॉक लावलेलं दार खुंटी ओढूनही आतून उघडणार नाही. म्हणून 'मागून पुढच्या सीटवर यायचं आणि पुढचं दार उघडायचं' ही वाट त्याच्याकडून दोन-तीनदा प्रत्यक्ष करून घ्या.
– दार उघडलं नाही तर हॉर्न दाबत राहायचा. बऱ्याच गाड्यांत चावी नसतानाही हॉर्न वाजतो. तुमच्या गाडीत वाजतो का, ते आजच बघा.
– रिमोटच्या आत लपवलेली साधी चावी असते का, ती कोणत्या दाराला लागते, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं.
– घरासमोर उभी गाडीही लॉक ठेवा, चावी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. मूल दिसेना झालं तर विहीर, टाकी यांच्याबरोबर गाड्याही लगेच बघा, डिकीसकट.
– मूल आत अडकलंच आणि दार लगेच उघडेना, तर ११२ ला फोन करा आणि वाट बघत थांबू नका. मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच जड वस्तूने कोपऱ्यावर मारून फोडा. पुढची मोठी काच फोडण्यात वेळ घालवू नका, ती सहजासहजी फुटून पडत नाही. काचेची किंमत नंतर बघता येते.

आणि आपल्यासाठी, शिक्षकांसाठी

काकांचा प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. मागच्या वर्षीच्या नोंदीत त्याच्यापुढे 'गणितात कच्चा' असं लिहिलेलं. मी त्याची वही काढली. ५८ − २३ त्याने ३५ लिहिलं होतं, बरोबर. ५२ − २७ चंही उत्तर ३५ लिहिलेलं, चूक. ६० − २४ चं ४४, चूक. नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं की पोरगा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. बेरीज ठीक, पाढे ठीक, बिनहातच्याची वजाबाकीही ठीक. अडलं होतं एकच दार, हातच्याचं.

आणि आपण शेरा काय लिहिला होता? 'गणितात कच्चा.' म्हणजे चारही मोटरी बदला!

मी त्याला दशकाच्या काड्यांचे गठ्ठे सोडून सुटे करायला दिले. आठवडाभर फक्त तेवढंच. पुढच्या सोमवारी त्याने ५२ − २७ सोडवलं, उत्तर २५ आलं आणि वही माझ्यापुढे धरून म्हणाला, "बाई, आता बघा."

तेव्हा मित्रहो, मूल अडलं की शेरा मारण्याआधी आपण स्वतःला विचारू या, एक दार की चारही? आणि आज संध्याकाळी घरी गेलात की आपल्या लेकराचा हात धरून गाडीतली ती खुंटी तेवढी दाखवा. माझ्या लेकीला आता ती दोन बोटांनी ओढता येते. गाडीत बसली की दर वेळी ती आधी करून दाखवते, मगच आम्ही निघतो.

तुमच्या वर्गात ही कृती केलीत तर मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते जरूर कळवा.